जमा, नावे आणि नादारी : वकिलाच्या हिशेब-वाचनाविषयी

कर्ज फेडण्याची ऐपत संपणे या अवस्थेला मराठीत दोन शब्द आहेत आणि ते दोन निरनिराळ्या वाटांनी भाषेत आलेले आहेत. ‘नादार’ हा फारसीतून आलेला शब्द. ‘ज्याच्यापाशी नाही तो’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. महाराष्ट्रातील शाळांत गरीब विद्यार्थ्याला फीची जी माफी मिळे तिलाही ‘नादारी’च म्हणत, आणि त्या वापरात लाजिरवाणे असे फारसे काही नव्हते. ‘दिवाळे’ हा मात्र बाजारातला शब्द. देणी भागवता येत नाहीत हे जाहीर करण्यासाठी पेढीवाला भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, अशी त्याची परंपरागत उपपत्ती सांगितली जाते. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकेल हा प्रश्न निराळा. परंतु ती सांगितली जाते यावरूनच शब्दाचा भाव स्पष्ट होतो. नादारी ही स्थिती आहे, दिवाळे ही चारचौघांत घडणारी घटना आहे. म्हणूनच दिवाळे ‘निघते’, ‘वाजते’ आणि एखादा ते ‘काढतो’ही, नादारीला ही क्रियापदे लागत नाहीत. २०१६ च्या केंद्रीय कायद्याला मराठीत ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतात, तेव्हा स्थिती आणि घटना शेजारी येऊन बसतात. हिंदी शीर्षकात ‘दिवाला’ आधी येतो आणि दिवाळखोरीसाठी ‘शोधन अक्षमता’ असा घडवलेला शब्द योजला आहे. ‘ऋणशोधन’ हा जुना समास ज्याच्या ध्यानात नाही असा मराठी वाचक ‘शोधन’ या पदापाशी क्षणभर थबकतोच.

हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा नाही. नादारीचा कायदा शिकू पाहणाऱ्या वकिलापुढे पहिला प्रश्न तोच येतो. ऐपत संपली हे ठरवायचे कशावरून? एकूण मालमत्तेपेक्षा एकूण देणे अधिक झाले यावरून, की देय झालेली रक्कम ठरल्या दिवशी दिली गेली नाही यावरून? दोन्ही प्रश्नांची उत्तरे वहीत शोधावी लागतात, आणि वही वाचणे हे वकिलाच्या शिक्षणात सहसा येत नाही. विधी महाविद्यालयात संविदा, पुरावा, दिवाणी प्रक्रिया हे विषय शिकविले जातात. जमाखर्च हा वाणिज्य शाखेचा प्रांत मानला जातो. परिणामी वकील शब्दांचा अर्थ लावण्यात तरबेज होतो, आणि आकड्यांचे पान समोर आले की ते तज्ज्ञाकडे सरकवतो. संहितेने ही सोय बरीचशी काढून घेतली. तिच्याखालील मूळ विनियमांनी सनदी लेखापाल, कंपनी सचिव व परिव्यय लेखापाल यांच्या जोडीला दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलालाही नादारी-व्यावसायिक होण्याचा मार्ग खुला केला. या व्यावसायिकाच्या हाती अडचणीतील कंपनीचा कारभार तिच्या वह्यांसकट येतो. ज्या कागदावर आजवर दुसऱ्याची उलटतपासणी घेतली, तसला कागद आता स्वतःच्या सहीने तयार करण्याची पाळी वकिलावर येते.

न्यायासनाने हिशेब शिकावा ही अपेक्षा मात्र २०१६ मध्ये जन्मलेली नाही. ऋणाचा प्रश्न न्यायशास्त्राइतकाच जुना. मनुस्मृतीने अठरा व्यवहारपदे मोजली त्यांत पहिले पद ‘ऋणादान’ हे आहे, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियम इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंना लावीत असत. पण न्यायाधीशाने स्वतः खाते मांडावे असा आदेश कायद्यानेच दिल्याचे ठळक उदाहरण दख्खनच्या दंग्यांनंतरचे आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, खते, हुकूमनामे, जे हाती लागले ते त्यांनी जाळले. मराठी वाचकाला येथे दुसऱ्या एका प्रसंगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, ही वारकरी परंपरेने जपलेली कथा. दोन्ही ठिकाणी कागद नष्ट झाले. पण कायद्याच्या दृष्टीने या दोन कृतींत महदंतर आहे. धनकोने आपण होऊन खत बुडविले तर ती कर्जाची माफी ठरते आणि कर्ज संपते. ऋणकोने खत जाळले तर संपतो तो केवळ पुरावा. कर्ज तसेच राहते, आणि ते अन्य पुराव्याने शाबीत करण्याची वाट मोकळी असते. सुप्याच्या शेतकऱ्याला हा भेद कोणी सांगितला नव्हता.

या दंग्यांच्या चौकशीतून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. शेतकऱ्याच्या नादारीवर त्यात एक स्वतंत्र प्रकरण होते; परंतु त्याचा गाभा कलम १२ आणि १३ मध्ये सापडतो. कलम १२ ने न्यायालयाला रोख्याच्या मजकुरापाशी न थांबता व्यवहाराच्या मुळापासूनचा इतिहास तपासायला लावले. कलम १३ ने हिशेब कसा मांडावा हेच सांगितले : मुद्दलाचे खाते निराळे, व्याजाचे निराळे, आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवावयाचे नाही. सावकाराचा नेमका डाव तोच होता. मुदतीचा कायदा दावा बुडवील या कारणाने दर दोन-तीन वर्षांनी जुना रोखा फाडायचा आणि तोवरचे व्याज धरून नवा लिहून घ्यायचा. तिसऱ्या रोख्यावर जी रक्कम ‘रोख दिली’ म्हणून लिहिलेली असे तिच्यातील बराचसा भाग शेतकऱ्याने कधी डोळ्यांनीही पाहिलेला नसे. रोख्याचे शब्द स्पष्ट होते, सही-अंगठा खरा होता, साक्षीदार हजर होते. शब्दार्थाच्या कसोटीवर दावा निर्दोष होता. खोट होती ती बेरजेत. याच अधिनियमाने शेतकऱ्याला पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. महादेव गोविंद रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी या अधिनियमाखालील विशेष न्यायाधीश होते. त्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनाची चर्चा होते तेव्हा त्यामागे असलेली ही खाते-वाचनाची सवय बहुधा दुर्लक्षित राहते.

वहीचे व्याकरण थोडक्यात असे. प्रत्येक व्यवहाराला दोन टोके असतात : ज्याने दिले त्याच्या खाती जमा, ज्याने घेतले त्याच्या नावे. दिवसाचे व्यवहार क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचे, तेथून ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत उतरवावयाचे, सगळ्या खात्यांच्या बाक्यांची तेरीज करून दोन्ही बाजूंचा ताळा पाहावयाचा आणि त्यातून ताळेबंद काढावयाचा. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या गणितग्रंथात इटालियन व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत वर्णिली. देशी वहीत डावी बाजू जमेची व उजवी नावेची असते, तर इंग्रजी पद्धतीत नेमके उलट. जुनी पेढीची वही आणि कंपनीची खतावणी आलटून-पालटून हाताळणाऱ्या वकिलाची पहिली ठेच येथेच लागते.

दुसरी ठेच अधिक खोल आहे आणि ती भाषेने लावलेली आहे. ‘जमेस धरणे’, ‘जमेची बाजू’ या वाक्प्रचारांमुळे जमा म्हणजे चांगले आणि नावे म्हणजे वाईट असा ग्रह मराठी मनात घट्ट बसलेला असतो. वहीत तसे काही नाही. बँकेने कंपनीला कर्ज दिले तर कंपनीच्या वहीत बँकेच्या खाती रक्कम जमा होते, म्हणजे कंपनी तेवढे देणे लागते. हीच रक्कम बँकेच्या वहीत कंपनीच्या नावे पडते आणि तेथे ती मालमत्ता असते. खाते कोणाच्या वहीतले आहे हे विचारल्यावाचून ‘जमा’ या शब्दाला अर्थच नाही. पाठचिकित्सेचा संस्कार असलेल्या अभ्यासकाला हे नवे वाटणार नाही. एकाच व्यवहाराच्या दोन प्रती दोन घरांत, दोन हातांनी, दोन हितसंबंधांतून लिहिल्या जातात. नादारीची प्रक्रिया सुरू झाल्यावर धनकोंनी दाखल केलेले दावे कंपनीच्या वह्यांशी ताडून पाहणे हे काम पुष्कळसे प्रती जुळविण्याच्या कामासारखे असते. फरक इतकाच की येथे पाठभेदाची किंमत रुपयांत असते.

वही खरी मानायची किती, यावर कायद्याची भूमिका सावध आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी संबद्ध ठरत, पण केवळ त्यांच्या आधारे कोणावर देणे लादता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये तोच नियम कायम आहे. ‘वही’ कशाला म्हणावे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ मध्ये जैन हवाला प्रकरणात आला. न्यायालयाने स्पायरल बांधणीची वही ही वही मानली. फाइलमधील सुटी पाने मानली नाहीत. सुट्या पानांत हवे तेव्हा पान घालता-काढता येते, बांधलेल्या वहीत लबाडी करायची तर मागचे-पुढचे सगळेच सांभाळावे लागते. तथापि बांधलेल्या वहीतल्या नोंदीही एकट्याने आरोपीला गुंतवू शकल्या नाहीत. स्वतंत्र पुरावा हवाच होता. मोडी दप्तरांवर काम करणाऱ्यांनी हा निर्णय मूळातून वाचावा, इतकी त्यातली ग्रंथ-बांधणीची चर्चा बारीक आहे.

आता ताळेबंद. कल्पनेतला एक छोटा कारखाना घेऊ. वर्षअखेरीस त्याच्या ताळेबंदात यंत्रे ४० लाख, माल २५ लाख, गिऱ्हाइकांकडून येणे ३० लाख आणि रोख ५ लाख, अशी एकूण मालमत्ता १०० लाखांची आहे. समोरच्या बाजूस भागभांडवल १० लाख, राखीव निधी ५ लाख, यंत्रे व माल तारण ठेवून घेतलेले बँकेचे कर्ज ५० लाख, कच्चा माल पुरविणाऱ्यांचे देणे २५ लाख आणि कामगारांचे थकलेले वेतन १० लाख. ताळा बसतो. मालमत्ता १००, बाहेरचे देणे ८५. नवशिका वकील म्हणेल की हा कारखाना नादार नाही. अजून १५ लाख मालकांचे आहेत.

हे पान एका गृहीतावर उभे आहे, आणि ते गृहीत पानावर लिहिलेले नसते. धंदा पुढेही चालणार आहे असे धरून यंत्राची किंमत खरेदीतून घसारा वजा करून मांडलेली असते. ते यंत्र उद्या बाजारात काय आणील याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो. धंदा थांबला की गृहीत गळून पडते. समजा, परिसमापनात यंत्रांचे १८, मालाचे ८, येण्यांपैकी १४ आणि रोख ५ असे ४५ लाखच हाती आले. प्रक्रियेचा खर्च ३ लाख आधी निघाला. उरले ४२. संहितेच्या कलम ५३ प्रमाणे, तारण सोडून सामायिक वाटणीत आलेला धनको आणि कामगारांचे शेवटच्या चोवीस महिन्यांचे वेतन हे एका पंक्तीला बसतात. त्यांचे मिळून देणे ६० लाख. म्हणजे रुपयाला सत्तर पैसे. बँकेला ३५ लाख, कामगारांना ७ लाख. माल पुरविणारे बऱ्याच खालच्या पायरीवर असल्याने त्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नाही, आणि भागधारक तर सर्वांत शेवटी. वर्षअखेरच्या पानावरील १५ लाख कोठे गेले, असे विचारण्यात अर्थ नाही. ते बाजारात कधी नव्हतेच.

याच कारखान्याने प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी आठ महिने एका संचालकाच्या भावाचे ६ लाखांचे हातउसने कर्ज पूर्ण फेडलेले आहे, असे आणखी धरू. ताळेबंदात हे कर्ज दिसणारच नाही, कारण ताळेबंदाच्या तारखेआधीच ते फिटले. ते दिसेल खतावणीत : एक जुने खाते, बरीच वर्षे न हललेली बाकी, आणि वेतन थकलेले असताना एका दिवशी आलेले शून्य. नात्यातील धनकोला अशी अधिमान्य फेड दोन वर्षांच्या आत झालेली असेल तर कलम ४३ खाली ती उलटविता येते. परक्या धनकोच्या बाबतीत मागे पाहण्याची मुदत एक वर्षाची आहे. ते ६ लाख परत आले तर वाटणीस ४८ लाख उरतात आणि रुपयाला ऐंशी पैसे पडतात. कामगारांना ७ ऐवजी ८ लाख. खतावणीतील एक ओळ वाचता आली किंवा न आली, यावर मजुरांच्या घरातील एक लाख रुपये अवलंबून राहिले. पुरवठादारांना मात्र याही हिशेबात काही मिळत नाही, हे कबूल करावे लागते.

संहितेने नादारीची कसोटी म्हणून ताळेबंद निवडला नाही. तिने ‘कसूर’ निवडली. देय झालेले देणे दिले नाही एवढे पुरे. वित्तीय धनको कलम ७ खाली, माल वा सेवा पुरविणारा परिचालन धनको कलम ९ खाली, आणि कंपनी स्वतः कलम १० खाली अर्ज करते. दिवाळे ‘काढणे’ हे मराठी क्रियापद यांतल्या शेवटच्या वाटेलाच खरे लागू पडते. ३१ ऑगस्ट २०१७ च्या इनोव्हेन्टिव्ह इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी मांडली. त्या कंपनीने महाराष्ट्राच्या १९५८ च्या एका अधिनियमाचा आधार घेतला होता. अडचणीतील उपक्रमांची देणी त्या कायद्याने राज्य शासनाला काही काळ स्थगित ठेवता येत. केंद्रीय संहितेपुढे ती स्थगिती टिकली नाही. कसुरीची किमान रक्कम मुळात एक लाख रुपये होती. २४ मार्च २०२० च्या अधिसूचनेने ती एक कोटी झाली. छोट्या पुरवठादाराच्या हातातील हत्यार त्या एका आकड्याने निकामी झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कसुरीची तारीख ठरली की मुदतीचा प्रश्न येतो, आणि येथे वकील पुन्हा ताळेबंदाकडे वळतो. कलम ७ च्या अर्जाला तीन वर्षांची मुदत लागते, हे २०१८ मध्ये बी. के. एज्युकेशनल सर्व्हिसेस प्रकरणात ठरले. पण मुदत अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे मुदतीच्या आत ऋणकोने कर्जाची लेखी कबुली दिली तर मुदत पुन्हा नव्याने मोजतात. मग कंपनीने दरवर्षी प्रसिद्ध केलेल्या ताळेबंदात बँकेचे कर्ज दाखविले तर ती कबुली काय? कंपनीचे म्हणणे असे की ताळेबंद काढणे हे कायद्याने सक्तीचे. सक्तीने लिहिलेले ते कबुली कसे होईल? १५ एप्रिल २०२१ रोजी बिशाल जयस्वाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की पान लिहिणे सक्तीचे असले तरी त्यावर कबुली देणे सक्तीचे नाही. कंपनी तळटीप घालू शकते, हे कर्ज वादग्रस्त आहे असे नोंदवू शकते, लेखापरीक्षकाचा अहवाल वेगळे सांगू शकतो. म्हणून प्रत्येक ताळेबंद त्याच्या टिपांसह वाचून ठरवावयाचे. आकडा मुख्य मजकुरात, आणि त्याचा अर्थ टिपेत. भाष्यग्रंथांची सवय असलेल्या भारतीय वाचकाला ही रचना ओळखीची आहे. जामीन दिल्यामुळे उद्या अंगावर येऊ शकणारी संभाव्य देणीही अशा टिपांतच सापडतात, बेरजेत नव्हे.

यापुढचा भाग नामकरणाचा आहे, आणि शब्दांच्या अभ्यासकाला तो सर्वाधिक बोलका वाटावा. अर्ज दाखल करून घेतला गेला की दावे व वसुल्यांवर स्थगिती येते आणि धनकोंची समिती बसते. या समितीत मत असते ते वित्तीय धनकोंना. परिचालन धनकोला नसते. हा भेद घटनाबाह्य आहे असा आक्षेप २५ जानेवारी २०१९ च्या स्विस रिबन्स निर्णयात फेटाळला गेला. ज्यांनी वर्षानुवर्षे हप्ते भरले पण घर मिळाले नाही, त्या सदनिका-ग्राहकांना या दोहोंपैकी कोठे बसवावयाचे? त्यांनी कर्ज दिले नव्हते. मालही पुरवला नव्हता. बांधकाम कंपनीच्या वहीत त्यांचे पैसे ‘ग्राहकांकडून आगाऊ’ या शीर्षाखाली पडून होते. २०१८ च्या दुरुस्तीने त्यांना वित्तीय धनको म्हटले, आणि ९ ऑगस्ट २०१९ रोजी पायोनियर अर्बन निर्णयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. वहीतील एकही आकडा बदलला नाही. शीर्षाचा अर्थ बदलला आणि हजारो कुटुंबांना समितीत मत मिळाले.

समितीने सहासष्ट टक्के मतांनी निराकरण-योजना मान्य केली आणि न्यायाधिकरणाने तिच्यावर शिक्का मारला की ती सर्वांना बांधते. २०१९ च्या दुरुस्तीने या सर्व प्रक्रियेला ३३० दिवसांची बाह्यमर्यादा घातली. योजनेत प्रत्येक धनको आपल्या देण्यातील काही हिस्सा सोडतो. अशा तडजोडीची संस्कृत नाटकातील सर्वांत गमतीदार नोंद शूद्रकाच्या मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकात आहे. जुगारात दहा सुवर्ण हरलेला संवाहक, सभिक माथुर आणि दुसरा जुगारी यांच्या तावडीत सापडतो. तो एकाला विनवतो की अर्धे सोडून द्या. तो कबूल होतो. मग दुसऱ्याला विनवतो की अर्धे तुम्ही सोडा. तोही कबूल होतो. तेव्हा संवाहक म्हणतो की अर्धे यांनी सोडले, अर्धे त्यांनी सोडले, आता मी निघतो. बेरीज बिनचूक आहे. दोन अर्धे मिळून एक होतो. पण त्याने वहीची एकच बाजू लिहिली. जे अर्धे सुटले त्याच्या समोर जे अर्धे द्यावयाचे ते त्याने कोठे मांडलेच नाही. माथुराला जमाखर्च येतो, म्हणून तो फसत नाही, आणि संवाहकाला भर रस्त्यात दहा सुवर्णांसाठी स्वतःला विकायला उभे राहावे लागते. कोणतीही निराकरण-योजना हाती आली की कोणी किती सोडले यापेक्षा उरलेले कोण, कशातून आणि केव्हा देणार हा रकाना आधी पाहावा, हे शिकविण्यासाठी या प्रवेशाहून सोपा धडा नाही. विधी महाविद्यालयांनी तो लावायला हरकत नसावी.

साध्या माणसाच्या दिवाळ्याची गोष्ट वेगळ्या खात्यावर राहिली. संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. बाकीच्यांसाठी महानगरांत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम हेच उरले. मुलाने बापाचे कर्ज फेडावे हे धर्मशास्त्रातील बंधन २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने त्यापुढील कर्जांबाबत संपविले, त्यामुळे नादाराचे खाते आता त्याच्या स्वतःच्या नावाशीच थांबते. त्याच्यापाशी काय राहू द्यावयाचे, याची यादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रिवाजाने स्त्रीला अंगावरून काढता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे यांवर जप्ती येत नाही. याच यादीत एक वेगळीच वस्तू आहे : हिशेबाच्या वह्या. एकट्या धनकोने हुकूमनामा बजावला तर त्याला भांड्यांप्रमाणे वहीलाही हात लावता येत नाही. १९२० च्या अधिनियमाचे कलम २८ मात्र ही सवलत नादारालाही देताना कंसात एक अपवाद करते. नादार ठरलेल्याची भांडी, अंथरूण आणि हत्यारे घरात राहतात; वही न्यायालयाच्या वा रिसीव्हरच्या ताब्यात जाते.